त्रुफोच्या नावाने राजदत्तांना नाकारू नका

मराठी सिनेमाबद्दल गंभीरपणे बोलणाऱ्यांनी एक निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. रसग्रहण शिबिर असो, महाविद्यालयातलं व्याख्यान असो किंवा दिवाळी अंकातला लेख, हा निकाल फिरून फिरून पुढे येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये कॅमेरा लेखणीसारखा वापरणारे दिग्दर्शक झाले, आणि त्याच काळात मराठीत होते ते निर्मात्याने सोपवलेलं काम वेळेत पुरं करणारे कारागीर. पलीकडच्या पारड्यात बहुधा फ्रान्स्वा त्रुफो असतो. अलीकडच्या पारड्यात अनंत माने, राजा ठाकूर यांच्याबरोबर राजदत्तांना बसवतात आणि हे पारडं हलकं ठरलं म्हणून सांगतात. भंडारा जिल्ह्यात बसून हे ऐकताना मला ते जास्त लागतं. राजदत्त आमच्या विदर्भातले, धामणगावचे. पण माझा आक्षेप गाववाल्याच्या मायेतून आलेला नाही. हा निकाल ज्या फ्रेंच विचाराच्या आधारावर दिला जातो, त्या विचाराचाच तो विपर्यास आहे. त्रुफो नीट वाचला तर राजदत्तांना नाकारता येत नाही, हे मला दाखवायचं आहे.

आधी दोघांची ओळख करून घेऊ. राजदत्त, म्हणजे दत्तात्रय अंबादास मायाळू, यांचा जन्म २१ जानेवारी १९३२ चा. त्रुफो जन्मला ६ फेब्रुवारी १९३२ ला, पॅरिसमध्ये. मध्ये फक्त सोळा दिवस. एकाचं गाव वऱ्हाडातली कापसाची बाजारपेठ, दुसऱ्याचं शहर जगभरच्या कलावंतांचं माहेर. दोघंही लिहिता लिहिता सिनेमाकडे वळले. दोघांनाही बोट धरून नेणारा वडीलधारा माणूस भेटला: त्रुफोला समीक्षक आंद्रे बाझँ, राजदत्तांना 'लाखाची गोष्ट' आणि 'जगाच्या पाठीवर' करणारे राजा परांजपे. त्रुफो १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये मेंदूतल्या गाठीने गेला, तेव्हा तो ५२ वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर २१ चित्रपट होते. राजदत्तांनी मराठीत दोन डझनांहून अधिक चित्रपट केले. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा ते ९२ वर्षांचे होते.

त्रुफोचं बालपण मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिथून सुरू होतो. जन्मदाता बाप अज्ञात. आईने लग्न केलं त्या माणसाने पोराला आडनाव दिलं. आधी पोर आजीकडे वाढलं आणि आजी गेल्यावर ज्या घरात आलं तिथे ते कुणाला फारसं नको होतं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. सिनेमे बघायला पैसे नसत, तेव्हा मागच्या दाराने घुसायचं. पोराने स्वतःचा फिल्म क्लब काढला, त्यात कर्ज झालं आणि सावत्र बापाने त्याला पोलिसांच्या हवाली केलं. तिथून सुधारगृह. बाझँने त्याला सोडवलं. पुढे तो सैन्यात भरती झाला, तिथून पळाला, लष्करी तुरुंगात गेला, आणि पुन्हा बाझँच धावून आला. अशा पोराने १९५९ साली 'फोर हंड्रेड ब्लोज' केला. घरात आणि शाळेत कुठेच जागा नसलेल्या आंत्वान नावाच्या मुलाची ती गोष्ट आहे. चित्रीकरण सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नोव्हेंबर १९५८ मध्ये, बाझँ वारला. चित्रपट त्याला अर्पण केलेला आहे. १९५८ साली कान महोत्सवाने ज्या तिखट समीक्षकाला पत्रकार म्हणून दारातही उभं केलं नव्हतं, त्यालाच दुसऱ्या वर्षी तिथे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला.

हा माणूस मला फार जवळचा वाटतो. म्हणूनच त्याच्या नावाने कुणी दुसऱ्याला हिणवतं तेव्हा मला गप्प बसवत नाही.

आता मूळ मुद्दा. जानेवारी १९५४ च्या 'काये द्यु सिनेमा' या मासिकात त्रुफोचा तो गाजलेला लेख आला. तेव्हा तो पुरता २२ वर्षांचाही नव्हता. त्याने झाँ ओराँश आणि पिएर बोस्त या नामांकित पटकथाकारांवर हल्ला चढवला. म्हणणं असं, की प्रतिष्ठित कादंबऱ्या घ्यायच्या, त्यांच्या घोटीव पटकथा लिहायच्या आणि दिग्दर्शकाने त्यांना फक्त चित्रं जोडायची, या रीतीने फ्रेंच सिनेमा निर्जीव झाला आहे. त्याला हवा होता तो दिग्दर्शक, ज्याची नजर चित्रपटभर जाणवते. आपल्याकडचे टीकाकार इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. मग म्हणतात: राजदत्तांनी मधुसूदन कालेलकरांच्या आणि इतरांच्या पटकथांवर काम केलं, निर्मात्यांनी सुचवलेले विषय घेतले, म्हणजे ते चित्रं जोडणारेच ठरले.

पण त्या मासिकातली तरुण मंडळी कोणाची बाजू घेऊन लढली? हॉवर्ड हॉक्सची, आल्फ्रेड हिचकॉकची, निकोलस रेची. त्यांच्यातल्याच झाक रिव्हेतने १९५३ साली हॉक्सच्या प्रतिभेवर लेख लिहिला, तेव्हा अनेक प्रतिष्ठित समीक्षकांना तो वेडेपणा वाटला होता. हॉक्स म्हणजे हॉलिवूडच्या कारखान्यातला माणूस. एक वर्षी विनोदी चित्रपट, दुसऱ्या वर्षी गुन्हेगारी, तिसऱ्या वर्षी घोडेस्वार आणि पिस्तुलं. हिचकॉकला तर फक्त भीती विकणारा समजत. त्रुफोने १९६२ साली हॉलिवूडला जाऊन हिचकॉकशी दिवसचे दिवस बोलून त्याचं काम उलगडलं आणि १९६६ साली त्याचं पुस्तक काढलं. हाताशी असलेली कथा दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा, बाजाराच्या अटी सगळ्या लागू, आणि तरीही ज्याचा माग चित्रपटामागून चित्रपटात काढता येतो, तोच खरा कर्ता, असं त्यांचं म्हणणं होतं. परक्या मागणीवर काम करणाऱ्या दिग्दर्शकांची वकिली करण्यासाठी हा विचार जन्माला आला. तो घेऊन आपण मागणीवर काम करणाऱ्या मराठी दिग्दर्शकांना बाद करतो, हे त्या विचाराच्या नेमकं विरुद्ध आहे.

त्रुफोच्या स्वतःच्या चित्रपटांचंही तेच. 'फोर हंड्रेड ब्लोज'ची पटकथा त्याने मार्सेल मूसीबरोबर लिहिली. 'शूट द पियानो प्लेअर' डेव्हिड गुडिस या अमेरिकन रहस्यकथाकाराच्या कादंबरीवर, 'ज्यूल अँड जिम' आंरी-पिएर रोशेच्या कादंबरीवर, 'फॅरेनहाइट ४५१' रे ब्रॅडबरीच्या. १९७३ साली 'डे फॉर नाइट' आला तेव्हा त्याचा जुना सोबती गोदार त्याला पत्र लिहून खोटारडा म्हणाला आणि दोघांची मैत्री कायमची तुटली. ज्या साच्यातल्या सिनेमावर त्रुफोने तरुणपणी हल्ला केला तोच तो आता करतो आहे, असं फ्रान्समध्ये अनेकांना वाटत होतं. तरी आपण त्रुफोला कर्ता मानतो, आणि बरोबरच मानतो, कारण दत्तक घेतलेल्या कथेतही नकोसं झालेलं मूल, पुस्तकांवरचं वेड, बायकांपुढे गोंधळून गेलेला पुरुष हे सगळं पुन्हा पुन्हा वर येतं. हाच मोठेपणा दाखवून राजदत्तांकडे पाहायला काय हरकत आहे?

पाहूच या. टीकाकार म्हणतात, त्यांच्यात एक सूत्र नाही. तुरुंगात रात्र काढावी लागणाऱ्या नवविवाहितांचा 'मधुचंद्र' १९६७ चा, मग 'घरची राणी', 'अपराध', 'धाकटी बहीण'. पुढे गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला', भाविकांचा 'अष्टविनायक', शेतकऱ्यांचा 'अरे संसार संसार', 'शापित', 'मुंबईचा फौजदार', 'हेच माझं माहेर', 'अर्धांगी', हुंड्यावरचा 'पुढचं पाऊल', शिवकाळातला 'सर्जा'. वरवर हा चिवडा दिसतो खरा. पण आता हॉक्सच्या चाहत्यांची नजर उसनी घ्या आणि ही यादी पुन्हा वाचा. राणी, बहीण, संसार, माहेर, अर्धांगी. जवळजवळ प्रत्येक वेळी हा दिग्दर्शक घराच्या उंबऱ्यावर उभा आहे. घरात कोणाला घेतलं जातं, कोणाला काढलं जातं, घर उभं ठेवण्याची किंमत कोण मोजतं, हा एकच प्रश्न तो वेगवेगळ्या निर्मात्यांच्या पैशांवर वीस वर्षं विचारत राहिला. 'मधुचंद्र'मध्ये संसार सुरू होण्याआधीच जोडप्याच्या आड गज येतात आणि आपण हसतो. 'पुढचं पाऊल'मध्ये त्याच लग्नसंस्थेच्या पोटातला हुंडा समोर येतो आणि हसू जिरतं. एकाच माणसाने, एकाच प्रश्नाच्या दोन टोकांवर, जवळपास दोन दशकांच्या अंतराने केलेले हे चित्रपट आहेत. याला सूत्र म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

या प्रश्नाचा सगळ्यात कठीण चित्रपट म्हणजे १९७७ चा 'देवकीनंदन गोपाला'. इथे नायक आपणहून घर सोडतो. शेणगावचा डेबूजी जानोरकर बायकापोरांना मागे ठेवून निघतो, अंगावर चिंध्या, हाती खापर आणि खराटा. ज्या गावी जाईल ते गाव आधी झाडायचं आणि मग रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडायची. भूमिकेसाठी डॉ. श्रीराम लागूंना घेतलं. देवाला रिटायर करायला हवं असं जाहीर सांगणारा हा नट कीर्तनकाराच्या वेशात उभा राहिला, आणि देव दगडात शोधणाऱ्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारे बाबा त्या चेहऱ्यावर पटत गेले. ही निवड नुसत्या कारागिराला सुचत नाही. गोड चेहऱ्याचा, डोळे मिटून टाळ वाजवणारा संत करायला प्रेक्षकही तयार होता आणि बाजारही. राजदत्तांनी खडबडीत, चिडणारा, हिशेब विचारणारा माणूस पडद्यावर आणला. भंडारा जिल्ह्यात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज हे पुस्तकातले विषय नाहीत. ग्रामसफाई आणि खंजिरीची भजनं इथल्या गावांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. अशा प्रेक्षकापुढे बाबांना उभं करणं सोपं नसतं. तो प्रेक्षक खोटं लगेच ओळखतो.

इथे एक योग जुळून आला आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच १९७७ सालच्या सुरुवातीला त्रुफो महाराष्ट्रात होता. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये त्याने लाकोम्ब या फ्रेंच शास्त्रज्ञाची भूमिका केली, आणि भारतातल्या प्रसंगाचं चित्रीकरण खालापूर तालुक्यातल्या हाळ गावाजवळ झालं. पडद्यावर त्या जागेचं नाव वेगळंच दिलं आहे. शेकडो गावकरी एक सूर आळवतात आणि तो सूर कुठून आला असं विचारल्यावर सगळे एकदम आकाशाकडे बोट करतात. प्रसंग परिणामकारक आहे, तो मला आवडतोही. पण त्यातल्या एकाही गावकऱ्याला नाव नाही, घर नाही, पोटापाण्याचा प्रश्न नाही. त्याच वर्षीच्या 'देवकीनंदन गोपाला'तही अशीच महाराष्ट्राची गर्दी जमते, पण ती कीर्तन ऐकायला बसलेली असते, तिला प्रश्न विचारले जातात आणि ती उत्तरं देते. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की इथला माणूस कोणाला जास्त दिसला याविषयी शंका उरत नाही. १९५६ साली कानमध्ये 'पथेर पांचाली' अर्धवट सोडून त्रुफो उठून गेला आणि हाताने जेवणारे शेतकरी आपल्याला बघायचे नाहीत असं म्हणाला, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. शब्द अगदी हेच होते की नव्हते यावर मी भांडणार नाही. मोठ्या माणसाच्या नजरेलाही एक हद्द असते. त्याची हद्द ही आपली मोजपट्टी करायची गरज नाही.

'अष्टविनायक' मला स्वतःला पटत नाही. नास्तिक नायकाला संकटांच्या माऱ्याने गणपतीपुढे आणून उभं करणारी ती कथा आहे, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी गाडगेबाबांवर चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाकडून मी ती सहज स्वीकारू शकत नाही. टीकाकार इथे बोट ठेवतात तेव्हा त्यांच्या हातात खरा पुरावा असतो. तरीही त्याच चित्रपटात पंडित वसंतराव देशपांडे नायिकेचे वडील म्हणून मुलीच्या पाठवणीचं गाणं गातात, तो प्रसंग पाहा. मूर्तिजापूरला जन्मलेला, 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब म्हणून रंगभूमीवर गाजलेला हा गवई. त्याला त्याच्याच आवाजात, त्याच्याच वयाच्या चेहऱ्याने बाप होऊ दिलं आहे. पुन्हा तेच घर, तोच उंबरा, तेच बाहेर पडणं. कथा मनाविरुद्ध गेली तरी दिग्दर्शकाला जे सांगायचं आहे ते बारीक फटीतून बाहेर येतं, असं त्या फ्रेंच मासिकातले तरुण हॉक्सबद्दल सांगत असत.

गाणी आली म्हणजे गंभीरपणा गेला, हा दुसरा आक्षेप तर बोलण्याच्याही लायकीचा नाही. 'ज्यूल अँड जिम'मध्ये जान मोरो गिटारच्या साथीने गाते तो प्रसंग काढून टाका, चित्रपटाचा जीवच जाईल. 'स्टोलन किसेस' हे नावच त्रुफोने शार्ल त्रेनेच्या गाण्यातून उचललं आहे. मग 'अरे संसार संसार'मधलं विठ्ठल वाघांचं तिफणीचं गीत आडवं का येतं? वाघ अकोल्याचे, वऱ्हाडी बोलीचे कवी. काळ्या जमिनीवर जोडप्याचा घाम कसा पडतो हे त्या गाण्यात दिसतं. आमच्या भंडाऱ्यात तिफण नाही, धानाची रोवणी आहे. आषाढाच्या चिखलात बायका वाकून परे लावतात. तरी इथल्या माणसाला ते गाणं परकं वाटलं नाही, कारण कष्टाची लय ओळखायला पीक सारखं असावं लागत नाही.

आता पैशाबद्दल बोलायलाच हवं, कारण प्रतिभेच्या गोष्टी सांगताना तो विषय चतुराईने टाळला जातो. त्रुफोच्या पहिल्या चित्रपटामागे त्याचा सासरा इन्यास मॉर्गेनस्टर्न उभा होता, आणि तो फ्रान्समधला मोठा चित्रपट-वितरक होता. त्यात लबाडी नाही, पण ते सांगायला हवं. शिवाय फ्रान्समध्ये १९४६ पासूनच सिनेमासाठी राष्ट्रीय केंद्र होतं, आणि १९५९ साली आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना, न झालेल्या चित्रपटाच्या भावी उत्पन्नावर सरकारने आगाऊ रक्कम देण्याची योजना सुरू झाली. आंरी लांग्लवाचं चित्रपट-संग्रहालय होतं, जिथे तरुणांनी बसून जगाचा सिनेमा पाहिला. बाझँने स्वतः १९५७ साली आपल्या शिष्यांना टोकलं होतं की कर्त्याची पूजा करा, पण तो कशाचा कर्ता आहे हे विसरू नका. व्यवस्थेलाही तिची प्रतिभा असते.

राजदत्तांना कोणती व्यवस्था मिळाली? आमच्या भागापुरतं सांगतो. १९५६ साली जुन्या मध्य प्रदेश राज्याची मोडतोड झाली आणि भंडारा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पण चित्रपट धंद्याच्या नकाशावर विदर्भ 'सीपी-बेरार' याच वितरण क्षेत्रात राहिला. मराठी चित्रपटाचं अर्थकारण मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगलीच्या पट्ट्यावर चालायचं. वैनगंगेकाठच्या गावांत मराठी चित्रपट पोचला तर पोचला, तोही हिंदीच्या गर्दीत जागा मिळेल तेवढाच. स्वतःच्या मुलखातला प्रेक्षकच जिथे हक्काने हाती नाही, तिथे दिग्दर्शकाने दर वर्षी निर्मात्याला तुझा पैसा बुडणार नाही अशी हमी द्यायची आणि त्या हमीच्या आत स्वतःचं काही सांगायचं. त्या अटीत 'शापित' झाला, हे मला अजून नवलाचं वाटतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणणाऱ्या अरविंद देशपांडे यांच्यासोबत त्यांनी तो दिग्दर्शित केला. गावातल्या सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे आणि मधू कांबीकरांचं त्यातलं काम एकदा पाहिलं की विसरता येत नाही. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'पुढचं पाऊल' आणि 'सर्जा' यांनाही मिळाला. कामं उरकणाऱ्या माणसाला असा मान पाच-सहा वर्षांत तीनदा मिळत नाही. सहदिग्दर्शक होता म्हणून 'शापित' त्यांच्या खात्यातून वजा करणाऱ्यांनी आधी मूसीमुळे 'फोर हंड्रेड ब्लोज' त्रुफोच्या खात्यातून वजा करावा.

मुलांचं म्हणाल तर नव्वदच्या सुमाराला दूरदर्शनवर ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आला तोही राजदत्तांचाच. आईबाप नसलेला, दुसऱ्याच्या घरात वाढणारा, खोड्या काढणारा पण मनाने निखळ असा मुलगा. आंत्वानला घर मिळत नाही, तो धावत समुद्रापाशी जातो आणि तिथे चित्र थांबतं. गोट्याला परक्या घरात माया मिळते. काही जण यात मराठी मध्यमवर्गाचा भाबडेपणा पाहतात. मला त्यात एका दिग्दर्शकाचा आग्रह दिसतो. नकोशा पोराला घरात घ्या, असं तो म्हणतो आहे. त्रुफोनेही १९७० साली 'द वाइल्ड चाइल्ड'मध्ये रानात सापडलेल्या मुलाला शिकवणाऱ्या डॉक्टरची भूमिका स्वतः केली. तोही शेवटी त्याच जागी पोचला होता.

आमच्याकडची दुसरी बाजूही मला मान्य नाही. काही मंडळी म्हणतात, झाडीपट्टीत रात्रभर चालणारी नाटकं आहेत, मंडई आहे, शंकरपट आहे, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात; आम्हाला फ्रेंच सिनेमा कशाला हवा? लोकांना जे रुचलं ते चांगलं. असं म्हणणाऱ्यांना मी १९५४ सालाची आठवण करून देतो. त्रुफोचा तो लेख आला त्याच वर्षी भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाडलं. बहुमत आणि मोल यांत अंतर असतं, हे या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं? झाडीपट्टीच्या रंगभूमीला मी मनापासून मानतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या सगळ्या पट्ट्याला आनंद झाला. पण ज्या प्रेक्षकाने पाच तास नाटक मन लावून पाहायची सवय केली आहे, त्याला 'फोर हंड्रेड ब्लोज' झेपणार नाही असं समजणं हा त्याचाच अपमान आहे. तो मुलगा का पळतो हे साकोली, लाखांदूर, पवनीच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

एक आक्षेप उघड कोणी लिहीत नाही, खाजगीत बोलतात: राजदत्त संघविचाराचे, पूर्वी संस्कार भारतीच्या अध्यक्षपदावर बसलेले, तेव्हा पुरोगामी रसिकाने त्यांना कशाला उचलून धरायचं. त्यांनी आपली निष्ठा कधी लपवली नाही आणि तिच्याशी वाद घालायला मीही तयार आहे. पण तो वाद 'शापित'च्या मूल्यमापनात आणू नका. त्रुफोच्या मासिकाला पन्नाशीच्या दशकात फ्रान्समधले डावे समीक्षक उजवं ठरवत, 'पोझितिफ' मासिक तर तुटूनच पडायचं. १९६० साली अल्जीरियाच्या युद्धाविरुद्ध १२१ जणांचं पत्रक निघालं आणि त्यावर त्याच त्रुफोने सही केली. माणसाच्या नावापुढची पाटी बघून चित्रपटाचा निकाल देणाऱ्यांना फ्रान्सनेही तोंडघशी पाडलं आहे.

शेवटचा मुद्दा प्रतींचा, आणि मला वाटतं सगळ्या अन्यायाचं मूळ तिथे आहे. त्रुफोचे चित्रपट आपण स्वच्छ केलेल्या, रंग-आवाज दुरुस्त केलेल्या प्रतींवर पाहतो, शेजारी मुलाखती आणि टिपणं असतात. राजदत्तांचे पाहतो ते रंग विटलेल्या, कडा कापलेल्या, मध्येच आवाज जाणाऱ्या व्हिडिओ प्रतींवर. मग त्या फिकट चौकटीकडे बोट दाखवून म्हणतो, छायाचित्रण सामान्य आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २००३ च्या जानेवारीत तिथल्या आगीत प्रभातच्या काळातली जुनी फिल्म जळाली, ते दुःख मराठी माणसाला पुरेसं असायला हवं होतं. आता राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली जुने चित्रपट स्वच्छ करण्याचं काम चालतं. ज्यांच्याकडे राजदत्तांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह किंवा चांगल्या प्रती आहेत, त्या निर्मात्यांच्या वारसांनी त्या तिथे द्याव्यात, आणि अभियानाने 'शापित', 'पुढचं पाऊल', 'सर्जा' आणि 'देवकीनंदन गोपाला' यांना मराठीच्या यादीत वरची जागा द्यावी. विदर्भात रसग्रहण शिबिरं भरवणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं आहे की सकाळी त्रुफो दाखवाल त्या दिवशी संध्याकाळी राजदत्त दाखवा, दोन्ही चांगल्या प्रतीवर आणि सारखा वेळ देऊन. भाषण दोन्हीच्या नंतर ठेवा. निकाल आधी सांगायचा नाही.